विचारा तर खरं: कुरवांना शेव, कासवांना टॉर्च आणि आपला डबा

मागच्या अंकात लिहिलं होतं की सुट्टीत समुद्रावर जाणार असाल तर तिथे काय खायचं, काय बघायचं, काहीही विचारा. तर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की निम्मे पुढच्या अंकात ढकलावे लागले, रागावू नका. गंमत अशी झालीये की खाण्याबद्दल विचारणाऱ्याला प्राण्यांबद्दल सांगावं लागतंय आणि प्राण्यांबद्दल विचारणाऱ्याला खाण्याबद्दल. चला, सुरू करू.

प्रश्न: ताई, मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं बघायला जातोय. मुलं दोन, एक ५ वर्षांचा, एक ९ ची. गाडीत बसल्या बसल्या वेफर्स मागतात आणि नाही दिले की रडारड. पौष्टिक पण मुलं खरंच खातील असं काय नेऊ? आणि तिथे नक्की काय बघायला मिळतं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: आधी खाण्याचं. वेफर्स अजिबात नाहीत असं जाहीर करू नका, मुलं पूर्ण रस्ताभर तेवढंच बोलतील. घरातून निघतानाच भूक भागेल असं काहीतरी पोटात जाऊ दे आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवा, मागे डिकीत बॅगेच्या तळाशी नाही. दशम्या करा ना! दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासात दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहतात, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, काम झालं. भाजक्या पोह्यांचा चिवडा, फुटाणे-शेंगदाणे-मनुका एकत्र करून, उकडलेली रताळी, केळी, काकडी, नाचणीचे छोटे लाडू (छोटे म्हणजे एका घासाचे, मोठा लाडू मुलं अर्धा खाऊन सीटवर ठेवतात हे तुम्हाला मी सांगायला नको). नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीहून जास्त, आणि शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. फक्त तुमच्या ५ वर्षांच्या मुलाला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकू शकतात. त्याहून लहान मुलांना तर एरवीही नकोतच, कूट करून द्या.

आणि समजा रस्त्यात पाकीट घ्यायची वेळ आलीच तर मागे घटक पदार्थांची यादी असते ती वाचा. जे सगळ्यात जास्त वजनाचं ते पहिलं लिहायचं असा नियमच आहे, त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात ‘मल्टिग्रेन’ आणि मागे पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पामतेल असं असेल तर काय समजायचं ते समजा. ९ वर्षांच्या मुलीला हे वाचायला द्या, ती तुमच्यापेक्षा कडक निघेल.

आता कासवं. वेळास मंडणगड तालुक्यात आहे, रत्नागिरी जिल्हा, बाणकोटच्या शेजारी, नाना फडणवीसांचं मूळ गाव (हे मुलांना नाही सांगितलं तरी चालेल, आजोबांना सांगा). ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून रात्री वाळूत येऊन खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात, परत बघायला येत नाहीत. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्हे खायचे आणि माणसंही पळवायची, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं आणि आज गावातले कासवमित्र पहाटे किनारा फिरून घरटं शोधतात, अंडी जाळी लावलेल्या हॅचरीत नेऊन तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यांवर टोपल्या उपड्या ठेवलेल्या असतात, सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी टोपली उचलतात आणि त्यात पिल्लं असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, तिथून पुढे ती स्वतःच्या स्वतः चालत जातात. तळहातावर मावेल एवढं काळसर पिल्लू, अंगाला वाळू चिकटलेली, पुढचे दोन पाय वल्ह्यांसारखे मारत चाललेलं, मध्येच थांबतं, मान वर करतं, परत चालायला लागतं, आणि लाट आली की उलटंपालटं होऊन परत मागे येतं. मुलं एक शब्द बोलत नाहीत त्या वेळी, बघा तुम्ही.

पण टोपली उचलली आणि खाली काही नाही असंही होतं बरं का. मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि जमलं तर एकाऐवजी दोन रात्री राहा. निघण्याआधी गावात होमस्टेवाल्यांना फोन करून विचारा की सध्या पिल्लं निघतायत का.

बाकी तीनच गोष्टी. फ्लॅश आणि टॉर्च नको, कारण जिथे जास्त उजेड तिकडे समुद्र असं धरून पिल्लं चालतात, तुमच्या मोबाइलच्या दिव्याकडे वळली की चुकलीच. दोरीच्या पुढे जायचं नाही आणि पिल्लू हातात घ्यायचं नाही, कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत. आणि किनाऱ्यावर काहीही खायचं नाही. हो, तुमचा पौष्टिक डबासुद्धा नाही! सांडलेला चिवडा, केळ्याची सालं, उरलेली पोळी यांच्यावर कुत्री आणि कावळे येतात आणि मग तीच कुत्री-कावळे घरट्यांकडे आणि पिल्लांकडे वळतात. डबा होमस्टेच्या ओसरीवर उघडा.

मुलांनी ‘पिल्लांना खायला काय देतात?’ असं विचारलं (विचारणारच) तर सांगा, काही देत नाहीत. अंड्यातल्या बलकाचा शिल्लक साठा पोटात घेऊनच ती बाहेर येतात आणि सुरुवातीचे काही दिवस त्यावरच पोहत राहतात, म्हणजे आईने डबा भरूनच पाठवलेलं असतं त्यांना. मोठी झाली की खेकडे, कोळंबी, शिंपले, जेलीफिश. आणि लांबही किती जातात! ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या देशाला वळसा घालून आली की हो ती.

प्रश्न: गेटवे ते मांडवा लाँचने दर महिन्याला जाणं होतं. थंडीत सीगल येतात, लोक गाठी, शेव, वेफर्स टाकतात आणि पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, मुलं खूश. लाँचवर पाकिटं विकायलाही येतात. माझी बायको म्हणते टाकू नका, मी म्हणतो बिचाऱ्यांना खायला मिळतंय, पुण्य आहे. कोण बरोबर?
— अलिबागचा जावई

उत्तर: बायको. 😄

जावईबापू, कारण सांगते. हे सीगल, म्हणजे मराठीत कुरव, आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलला परत जातात. त्यातले बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तलावांवर पिल्लं वाढवतात. म्हणजे हिवाळाभर इथे खाऊन-पिऊन तब्येत करायची आणि मग हिमालय ओलांडायचा. त्या तयारीसाठी त्यांना मासे, कोळंबी, किडे हे लागतं, तळलेलं बेसन आणि मीठ नाही. शेवेने पोट भरतं पण कस मिळत नाही, हे आपल्यालाही लागू आहे, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर शेव खाऊन जेवण टाळणाऱ्यांनी विचार करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे एक चमचा, तेही आख्ख्या दिवसाचं सगळं मिळून. कुरवाचं वजन अर्धा-पाऊण किलो, त्याला एका फेरीत किती खारं जातं तुम्हीच बघा. समुद्रपक्ष्यांच्या डोक्यात जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात हे खरं, पण म्हणून तळण चालतं असं नाही. शिवाय ते बोटीच्या मागे एकमेकांवर तुटून पडतात, आणि रिकामं पाकीट वाऱ्याने उडून पाण्यात जातं ते वेगळंच.

विकणाऱ्यांवर माझा राग नाही, पोट आहे त्यांचं. तुम्ही पाकीट घ्या आणि स्वतः खा, अर्धं बायकोला द्या, भांडण मिटेल. आणि मुलांची मजा जाईल असं वाटत असेल तर त्यांना एक खेळ द्या, ओळखायचा. डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका दिसला तर तो तपकिरी डोक्याचा कुरव, डोळा काळा असेल तर काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग, आणि मार्च उजाडला की हळूहळू गडद टोपी चढायला लागते. दर महिन्याला जाताय ना, मग डिसेंबरचा फोटो आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवून बघा. शेव टाकण्यापेक्षा भारी आहे हे, खरंच.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, परळला राहतो. मुंबईच्या किनाऱ्यावर खडकात ऑक्टोपस वगैरे दिसतात म्हणे, खरं का? कधी जायचं? आणि दोन-तीन तास जाणार तर सोबत काय खायला न्यावं, बजेट शून्य.
— भुकेला विद्यार्थी

उत्तर: खरं आहे. हाजी अली, गिरगाव, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहू इथे ओहोटीला जो खडक उघडा पडतो त्याच्या डबक्यांमध्ये एक वेगळी मुंबई आहे. शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखी दिसतात, पण प्राणी), हिरव्या-तपकिरी गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले जीव), कवड्या, नशीब असेल तर ऑक्टोपस. प्रवाळसुद्धा आहेत, कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही मंडळी लोकांना असं किनाऱ्यावर फिरवून दाखवतात, पहिल्यांदा जाताना अशा माहितगारांबरोबरच जा.

कधी जायचं? मोबाइलवर भरती-ओहोटीचं टेबल मिळतं, पण आजीचं कॅलेंडर पण चालतं. तिथीची पाऊणपट करायची, ती मुंबईतली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीन वाजता भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढे ओहोटी, म्हणजे नऊ-सव्वानऊ. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. अंदाज आहे हा, मिनिटाला मिनिट जुळणार नाही, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी टेबल बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त लांब मागे हटतं, ते दिवस चांगले. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं, सेल्फी नंतर.

पायात पट्ट्याची घट्ट सँडल हवी, चप्पल नाही, खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. दगड उलटून बघितलात तर होता तसा हळूच परत ठेवा, खाली कोणाची तरी अंडी असतात. रिकामे शंख घरी आणू नका, त्या खेकड्यांना दर वेळी मोठं झालं की नवा शंख लागतो. आणि पावसाळ्यात जुहूला निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं, मागे लांब निळा दोरा, तर ती ब्लूबॉटल, जेलीफिशच्या नात्यातली. मेलेली वाटली तरी हात लावू नका, डंख बसतोच. बसला तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

बजेट शून्य म्हणतोस तर फुटाणे आणि गूळ, यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. शर्टाच्या खिशात कागदी पुडी, झालं. १०० ग्रॅम फुटाण्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं, तुमच्या जिमवाल्या मित्रांच्या प्रोटीन बारच्या तोडीचं, आणि किंमत बघ. कुरमुऱ्यांनी पोट भरल्यासारखं वाटतं पण अर्ध्या तासात परत भूक, त्यात शेंगदाणे टाकले तर गोष्ट वेगळी. पाण्याची बाटली घरची.

प्रश्न: नातू ११ वर्षांचा. तारकर्लीला डॉल्फिन बघायला होडीतून नेणार आहोत पण त्याला बस लागते, होडी पण लागेल का? काय खायला द्यावं?
— आजी, कोथरूड

उत्तर: लागू शकते. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि मिसळ खाऊन पण नेऊ नका. तासभर आधी कोरडं हलकं काहीतरी, खाकरा, टोस्ट, नाहीतर एखादी भाकरी. खिशात आलेपाक ठेवा, आल्याने मळमळ कमी वाटते, साखर आहे त्यात पण दोन वड्यांनी काही बिघडत नाही. होडीच्या मधोमध बसवा आणि नजर लांब क्षितिजावर, मोबाइलवर नाही. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना आधी विचारून.

आणि आजी, एक काम कराल? नाववाल्या दादांना चढतानाच सांगा, आम्हाला घाई नाही, डॉल्फिनच्या मागे इंजिन पळवू नका. तिथे दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले हम्पबॅक डॉल्फिन, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहणारे. त्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं, तेव्हा लांब इंजिन मंद करून थांबलं तरी दिसतातच. चार होड्या चारी बाजूंनी आल्या की पिल्लावाली मादी बिथरते. आजीने सांगितलं की ऐकतात, आम्ही सांगितलं की हसतात.

प्रश्न: मुलांना इथे नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाची पाकिटं खूप आवडतात. हेल्दी म्हणून आम्ही भरपूर देतो. ठीक आहे ना? आणि इथल्या समुद्रात मुलांना दाखवण्यासारखं काय?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ठीक आहे, भरपूर नको. नोरी हे लाल शेवाळ, त्यातून आयोडीन मिळतं, पण पाकिटातल्या नोरीवर तेल आणि मीठ लावलेलं असतं. शिवाय पाच ग्रॅम खाण्यासाठी एक प्लॅस्टिकचा ट्रे, एक पाकीट, एक सिलिकाची पुडी, जरा जास्तच नाही का? घरात कोणाला थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. समुद्री शेवाळ आपल्याही घरात आहेच की, चायना ग्रास! तेही लाल शेवाळापासूनच काढतात. कोकमाच्या आगळात पाणी आणि थोडा गूळ घालून त्यात चायना ग्रास उकळून ताटलीत ओता, साध्या खोलीच्या तापमानालाच सेट होतं, वड्या पाडा. आंबटामुळे कधी कधी नीट धरत नाही, मग चायना ग्रास जरा जास्त घ्या.

बघायला म्हणाल तर तुमच्याकडे मे-जूनमध्ये जे होतं त्याचा मला हेवा वाटतो. दोनेक तासांवर डेलावेअरचा उपसागर आहे, तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला घोड्याच्या नालासारखे दिसणारे हॉर्सशू क्रॅब हजारोंनी किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. आणि नेमकं त्याच वेळी रेड नॉट नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून उडत येऊन तिथे उतरतात, हाडं वर आलेली असतात, आणि ती हिरवट बारीक अंडी खाऊन दोन आठवड्यांत जवळजवळ दुप्पट वजनाचे होऊन पुढे आर्क्टिकला जातात. पक्ष्यांना निवांत खाता यावं म्हणून मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत तिथले काही किनारे बंद असतात, ठरवून दिलेल्या जागेवरून दुर्बिणीतून बघा. बघायला परवानगी असेल तिथे उलटा पडलेला हॉर्सशू क्रॅब दिसला तर कडेने धरून सुलटा करा, शेपटीला धरून नाही. मुलं हे काम वर्षानुवर्षं सांगत फिरतील.

प्रश्न: आम्ही नाशिकचे. समुद्र तीन-चार तास लांब. आमच्या वेफर्सच्या पाकिटाने कासव कसं मरेल? उगाच घाबरवता.
— आठवीतला एक जण

उत्तर: तुझा प्रश्न आवडला. तुझ्या गावातून गोदावरी जाते ना, ती अरबी समुद्राला नाही मिळत, १४६५ किलोमीटर उलट्या दिशेला जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिथल्या किनाऱ्यावर पण हीच ऑलिव्ह रिडले कासवं येतात. मध्ये धरणं आहेत, बंधारे आहेत, प्रत्येक पाकीट तिथवर पोचतं असं मी म्हणत नाही. पण पुरात नाल्यातून नदीत गेलेलं प्लॅस्टिक कुठेतरी जातंच, विरघळत नाही. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी वाटते. २०१५ मध्ये कोस्टारिकात एका ऑलिव्ह रिडलेच्या नाकातून स्ट्रॉ उपसून काढतानाचा व्हिडिओ जगभर फिरला होता, आपल्याकडे २०२२ च्या १ जुलैपासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. वेफर्सचं पाकीट मात्र चालूच आहे, त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात म्हणून भंगारवाला ते घेत नाही, कचरा वेचणाऱ्या मावशी पण उचलत नाहीत. बाटली उचलतात, पाकीट तिथेच राहतं.

घाबरू नकोस. महिन्याला किती पाकिटं होतात ती एका पिशवीत साठवून मोज, मग मला लिही.

प्रश्न: सुका जवळा चहाबरोबर स्नॅक म्हणून चालेल का?
— वसईकर

उत्तर: धावेल! जवळा अख्खा खाल्ला जातो, सालासकट, त्यामुळे प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही. समुद्रात बोंबील तोच खाऊन मोठा होतो, मग आपण का मागे राहायचं. खारवलेला नाही, नुसता उन्हात वाळवलेला घ्या, मीठ कमी. आधी चाळून वाळू काढा, कोरडा भाजा, गार झाला की बारीक कांदा, ओलं खोबरं, मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि दोन मुठी कुरमुरे. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लांब राहा. आणि ऑफिसला नेणार असाल तर घट्ट झाकणाचा डबा घ्या, विरार लोकलमध्ये उघडू नका, आधीच जागा मिळत नाही तिथे.